चौथं पान

पहिला दिवस, मंगळवार

मुंबई सोडून किती तास झाले हे मोजायचं मी साओ पाउलोलाच सोडून दिलं होतं. बुएनोस आयरेसच्या एसेसा विमानतळावर भाची न्यायला आली होती. गळ्यात मफलर, हातात माझ्यासाठी आणखी एक. मे महिना म्हणजे इथे हिवाळ्याचं तोंड, हे सांगलीच्या चाळीस अंशांत बॅग भरताना डोक्यात शिरत नाही. "मामा, आत्ता झोपायचं नाही हं, रात्रीपर्यंत ताणायचं," तिने दटावलं. बुएनोस आयरेस आपल्या साडेआठ तास मागे. मी ताणलं, आणि संध्याकाळी सात वाजता जेवणाच्या टेबलावरच पेंगलो.

भजनाला आणि हौशी नाट्यगीतांना पेटीची साथ करणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने इतक्या लांब कशाला यावं, हे एकदाचं सांगून टाकतो. लॉकडाऊनमध्ये या भाचीने एक लिंक पाठवली होती. ब्रसेल्समधला ‘सोनिको’ नावाचा पाच वादकांचा चमू. वाजवत होते टँगो, पण आपण सिनेमात बघतो तो गुलाब दातांत धरलेला नव्हे. कधी जर्मन संगीतकार बाखसारखा एकात एक गुंफलेला, कधी चिडलेला, मध्येच इलेक्ट्रिक गिटार. संगीतकार एदुआर्दो रोविरा. नाव ऐकलेलं नव्हतं. भाचीच्या ऑफिसातल्या अर्जेंटिनी लोकांनीही ऐकलेलं नव्हतं, तेव्हा माझी लाज जरा कमी झाली.

टँगोचा संगीतकार म्हणून पियाझोलाचं नाव जगाला ठाऊक आहे. रोविरा त्याच्याहून चार वर्षांनी लहान. जन्म १९२५, बुएनोस आयरेसला चिकटून असलेल्या लानूसचा. नऊ वर्षांचा असताना ऑर्केस्ट्रात बान्दोनेऑन, म्हणजे टँगोचं भात्याचं आणि बटणांचं वाद्य, वाजवायला बसला, पुढे मोठमोठ्या नाचाच्या ऑर्केस्ट्रांत वाजवलं, आणि १९६०च्या सुमारास स्वतःचा ‘आधुनिक टँगोचा चमू’ उभा केला. हा टँगो बसून ऐकायचा. १९६३च्या ध्वनिमुद्रिकेत तर त्याने बाराही सुरांना समान मान देणाऱ्या पद्धतीने टँगो लिहिला, म्हणजे षड्जालाच खुर्चीवरून उठवलं. नाचणाऱ्यांनी पाठ फिरवली, शास्त्रीयवाल्यांनी दार उघडलं नाही. १९८०मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी तो गेला. ब्रसेल्सच्या चमूने नाव घेतलंय तेही त्याच्याच १९६८च्या ध्वनिमुद्रिकेचं.

यंदा त्याची शंभरी. भाचीच्या घराजवळच्या वाचनालयात पाच-सहा जण त्याच्या आणि त्याच्या काळातल्या इतरांच्या विसरलेल्या रचना बसवतायत, असं तिला कळलं. तिने विचारलं, "येतोस का?" पासपोर्ट होता. आलो.

दुसरा दिवस, बुधवार

सकाळ फुकट गेली. बसला रोख पैसे चालत नाहीत म्हणून ‘सुबे’ नावाचं कार्ड घ्यायला गेलो, तर तीन किऑस्कवर कार्डं संपलेली. चालत फिरलो. फुटपाथवर चिनाराच्या जातीच्या झाडांची पिवळी पानं, कोपऱ्याकोपऱ्यावर कॉफीची दुकानं आणि पर्यटकांच्या प्रत्येक गल्लीत पियाझोला वाजणारा एक तरी स्पीकर. तक्रार नाही. पण चौथ्यांदा तोच तुकडा कानावर आला तेव्हा गणपतीतला लाउडस्पीकर आठवला.

संध्याकाळी आल्माग्रो भागातलं ते वाचनालय. आपल्याकडच्या नगरवाचनालयासारखंच: लोकवर्गणीतून चालणारं, कपाटांना कुलपं, छताला ओल. मागच्या खोलीत तालीम. बान्दोनेऑनवाली तिशीची, दिवसा शाळेत शिकवते. बास, म्हणजे माणसाएवढं उंच, खर्जातलं व्हायोलिन, वाजवणारा पोरगा टॅक्सी चालवतो. पियानोवाला आणि गिटारवाली नवरा-बायको. व्हायोलिनवाले आजोबा सत्तरीचे. हे आजोबा रात्री पर्यटकांच्या जेवणासोबत टँगो वाजवून पोट भरतात आणि त्याबद्दल खास बुएनोस आयरेसच्या शिव्या देतात. भाची त्या मला भाषांतर करून सांगत नव्हती.

बाईंनी बान्दोनेऑन माझ्या मांडीवर ठेवला. लहान मूल ठेवावं तसा, खाली हात धरून. इथले लोक त्याला लाडाने ‘फुएशे’ म्हणतात, म्हणजे भाताच. उजवीकडे ३८ बटणं, डावीकडे ३३. बटणांचा काही क्रम लागेल म्हणून मी बघत राहिलो. नाही लागला. वाद्य वाढत गेलं तशी नवी बटणं जुन्यांच्या कडेने बसवत गेले, म्हणून शेजारच्या सुराचं बटण शेजारी नाही. एक दाबून भाता उघडला, सूर आला. तेच बटण दाबून भाता मिटला, दुसराच सूर! मी दचकलो, सगळे हसले. एकाहत्तर बटणं, एकशे बेचाळीस सूर. दोन हातांचे, उघडतानाचे आणि मिटतानाचे असे चार नकाशे डोक्यात ठेवायचे. पेटीवर मी चाळीस वर्षं काढली, आणि इथे मला ‘सा’ दोनदा सापडला नाही.

आत मात्र नातं सख्खं. हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या, आपल्या पेटीसारख्याच, फक्त जस्ताच्या प्लेटवर बसवलेल्या. वाद्य मूळचं जर्मन. नाव पडलं क्रेफेल्डच्या हाइनरिश बांड यांच्यावरून. सगळ्यांत मानाचे ते सॅक्सनीतल्या आल्फ्रेड आर्नोल्डच्या कारखान्यातले, ‘दोब्ले आ’. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कारखाना बंद पडला, आणि इथे जी उरली ती जपून वापरायची. २००९मध्ये तर कायदाच केला की जुनी वाद्यं देशाबाहेर जाऊ नयेत. बाईंनी सांगितलं तेव्हा मी पटकन ते परत तिच्या मांडीवर दिलं, जणू खिशात घालून निघालो होतो.

तालीम सुरू झाली आणि आठव्या मिनिटाला थांबली. ज्या रचनेवर काम चाललंय तिचं नाव त्यांनी वाजवून होईपर्यंत लिहू नका म्हणून सांगितलंय. त्यांच्याकडच्या झेरॉक्समध्ये बासच्या भागाचं चौथं पान नाही. बाकी सगळ्यांची सगळी पानं आहेत. हे पान कुठे गेलं, कुणाच्या घरात, कुणाच्या रद्दीत, कुणालाही सांगता येत नाही. टँगोत हे नेहमीचंच, आजोबा म्हणाले. दुकानात छापून मिळायचा तो पियानोचा साधा कागद. ऑर्केस्ट्राची खरी लिखावट प्रत्येक चमूची खासगी, हाताने लिहिलेली. चमू मोडला की ट्रंकेत, ट्रंक भरली की अंगणात काडी. मला आमच्या गावातल्या नाटक मंडळ्यांच्या वह्या आठवल्या. पदाचे शब्द सापडतात; साथीदाराने काय वाजवलं ते वहीत कधी नव्हतंच.

मग उपाय काय? त्याला इथे शब्द आहे, ‘देसग्राबार’. ध्वनिमुद्रण उलटं करायचं: ऐकायचं आणि कागदावर उतरवायचं. अर्धा सेकंद पुन्हा, पुन्हा, पुन्हा. अठ्ठावीस बार होते, आवर्तनं म्हणा. सत्तावीस झाले होते. एकविसाव्यावर भांडण.

तिसरा दिवस, गुरुवार

रोविरा शेवटची वर्षं ला प्लाता शहरात राहिला, तिथेच गेला. म्हणून एकटाच निघालो. कोन्स्तितुसिओन स्थानक पाहिलं आणि घरी आल्यासारखं वाटलं. उंच कमानी, घाई, चहाऐवजी कॉफी. हे लोहमार्ग इंग्रज कंपनीने बांधलेले, रुळांची रुंदी १,६७६ मिलिमीटर, म्हणजे अगदी मिरज-सांगलीचीच ब्रॉडगेज. गाड्याही आपल्यासारख्या डावीकडून धावतात. या आपलेपणाच्या भरात फलक न वाचता समोरच्या गाडीत बसलो. वीसेक मिनिटांनी स्थानकाचं नाव दिसलं: लानूस. ला प्लाताचा फाटा केव्हाच मागे राहिला होता.

म्हटलं, आलोच आहोत तर जन्मगाव बघू. स्थानकाबाहेर वर्तमानपत्रवाल्याला मोबाईलवर रोविराचा फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावर नेला, फोटो निरखला आणि उत्साहाने म्हणाला, "मारादोना!" फोटोतला माणूस मारादोना आहे असं नव्हे, मारादोनाही इथल्याच इस्पितळात जन्मला, तेव्हा परदेशी माणूस लानूसला उतरला म्हणजे त्याच्यासाठीच, हा त्याचा हिशेब. मी नाही म्हटलं. त्याने खांदे उडवले. त्याच्याकडून एक चॉकलेट घेऊन परतीची गाडी पकडली.

ला प्लाता १८८२ साली कोऱ्या कागदावर आखून वसवलेलं. रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत, आणि चौकटीला छेदत जाणारे तिरके रस्ते. या शहरात रोविराने प्रांताच्या पोलीस बँडात नोकरी केली. बारा सुरांचा टँगो लिहिलेला माणूस गणवेश घालून कवायतीला वाजवत होता. आधी मला याचं वाईट वाटलं. मग कॅथीड्रलसमोरच्या चौकात बाकावर बसून डबा उघडला, आणि मी स्वतः तेहतीस वर्षं कॅशच्या काउंटरला होतो हे आठवलं. पगार पहिल्या तारखेला. १९८०च्या जुलैमध्ये याच शहरात, रस्त्यात चालता चालता त्याला हृदयविकाराचा झटका आला. कोणता रस्ता, कोणता आकडा, हे शोधत मी दोन तास फिरलो, आणि सापडलं काही नाही.

सापडलं ते भलतंच. एका बुलवारवर पांढरं, खांबांवर उभं घर. ल कॉर्ब्युझिएचं. चंदिगढ आखणाऱ्या माणसाने लॅटिन अमेरिकेत एका डॉक्टरसाठी आखलेलं. युनेस्कोने २०१६मध्ये या घराला आणि चंदिगढच्या कॅपिटॉल परिसराला एकाच यादीत घेतलं. दारापुढे फोटो काढला. एवढं सिमेंट मला कधी आवडलेलं नाही, पण ओळखीचं निघालं म्हणून काढला.

चौथा दिवस, शुक्रवार

दिवसभर तालीम, आणि या प्रवासातला माझ्या मते खरा दिवस हाच.

एकविसावा बार. जुनी ध्वनिमुद्रिका, बासचा सूर पियानोच्या डाव्या हाताखाली दबलेला. पोरगा म्हणतो ‘सी बेमोल’, आजोबा म्हणतात ‘ला’. इथल्या ‘दो’ला, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या ‘C’ला, सा मानलं तर कोमल नी की शुद्ध ध, एवढाच वाद. निम्म्या वेगाने लावलं. पाव वेगाने लावलं, तेव्हा तर विहिरीत बादली आपटल्यासारखं ऐकू आलं. शेवटी पियानोवाला म्हणाला, पाहुण्यांना विचारा, यांचा कान ताजा आहे.

मी डोळे मिटून ऐकलं आणि ठणकावून सांगितलं, कोमल नी. पोरगा खूश. आजोबांनी काही न बोलता पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा मला ध ऐकू आला. तिसऱ्यांदा दोन्ही. तेव्हा लक्षात आलं की हा सूर एका जागी उभाच नाही, खालून घासत वर येतोय. "मींड आहे!" मी मराठीतच ओरडलो. भाचीने अडखळत सांगितलं. आजोबांनी शांतपणे उत्तर दिलं: ते आम्हाला ठाऊक आहे, त्याला ‘आर्रास्त्रे’ म्हणतात, फरपट. प्रश्न आहे तो थांबतो कुठे.

ही फरपट म्हणजे टँगोचा जीव. ठोका पडायच्या आधी बास आणि पियानोचा डावा हात खालून ओढत येतात आणि ठोक्यावर सोडून देतात. नाचणाऱ्याचा पाय त्यावर उचलला जातो. कागदावर त्याची फार तर एक तिरकी रेघ. किती आधी सुरू करायचं, किती घाण आवाज करायचा, हे रेघेत नाही. व्हायोलिनची ‘चिचार्रा’ही तशीच: घोडीच्या पलीकडे गजाने खरडून काढलेली रातकिड्याची किरकिर. आजोबांनी करून दाखवली. कागदावर नुसते फुलीचे ठोकळे. हे हातातलं ज्ञान जुन्या वादकांबरोबर चाललं म्हणून इथे २०००मध्ये ‘ओर्केस्ता एस्कुएला’ नावाची टँगोची शाळाच काढली. टँगोचे नामवंत पियानोवादक पुग्लिएसे यांच्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं व्हायोलिन वाजवलेले एमिलिओ बाल्कार्से तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांना आणून पंचविशीतल्या पोरांपुढे उभं केलं. बान्दोनेऑनवाली बाई तिथल्याच पुढच्या तुकडीतली.

मींड पेटीवर निघत नाही. आयुष्यभर गवयांनी ती गळ्यातून काढली आणि मी दोन पट्ट्या दाबून तिची माफी मागितली. याच उणिवेपायी आकाशवाणीने १९४०पासून तीसेक वर्षं पेटीला स्टुडिओत येऊ दिलं नाही. बान्दोनेऑनही सूर घासू शकत नाही, मग तो रुसत नाही का, मी बाईंना विचारलं. ती म्हणाली, मी भात्याने ढकलते, श्वास आधी सोडते आणि बटण मागून. करून दाखवलं. सूर तोच राहिला, पण तो कुठून तरी आला. हे मी घरी जाऊन पेटीवर करून बघणार आहे. जमणार नाही, बहुतेक.

दुपारी गुएरीनमध्ये पिझ्झा. १९३२पासूनचं गजबजलेलं दुकान, अर्धे लोक उभ्यानेच खातात. कांदा-चीजची ‘फुगासेता’ घेतली आणि तिच्यावर ठेवून खायची ‘फायना’. पहिल्या घासाला ओळखली: हरभऱ्याचं पीठ! जाडसर, मिरपूड घातलेलं, ओव्हनमधलं आपलं बेसनाचं धिरडं. मी आणखी दोन मागवल्या. "मामा, पिझ्झा उरलाय," भाची म्हणाली. असू दे.

संध्याकाळी पोराने एकविसाव्या बारावर दोन्ही सूर पेन्सिलने लिहिले, एकावर एक, शेजारी प्रश्नचिन्ह. आजोबांनी एक खोडलं. ते पाणी प्यायला गेले तेव्हा पोराने परत लिहिलं.

पाचवा दिवस, शनिवार

चाकारिताची दफनभूमी. टँगोगायक गार्देलच्या पुतळ्याच्या बोटांत कुणीतरी पेटती सिगारेट ठेवून गेलेलं. ही रोजची रीत. ओस्वाल्दो पुग्लिएसे पण इथेच. हे गृहस्थ कम्युनिस्ट, अनेकदा तुरुंगात गेले. तेव्हा त्यांच्या ऑर्केस्ट्राने त्यांच्या रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशन ठेवून कार्यक्रम केले. आता वादक त्यांना विघ्नहर्ता मानतात. स्टेजवर जायच्या आधी ‘सान पुग्लिएसे’चं चित्र लावलं की माइक बंद पडत नाही म्हणे. आपल्या विंगेतला नारळ.

इथे मुद्दाम आलो, कारण रोविराची एकच रचना लोकांच्या कानात टिकली, ‘आ एवारिस्तो कार्रिएगो’, आणि ती टिकली ते पुग्लिएसेंनी १९६९मध्ये ध्वनिमुद्रित केली म्हणून. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या पाठीवर बसून एक टँगो नदीपार गेला. बाकीचे काठावर.

सहावा दिवस, रविवार

२५ मे, यांचा राष्ट्रीय सण. सकाळी सान तेल्मोच्या रविवारच्या बाजारात देफेन्सा रस्त्यावर जुन्या तबकड्यांची खोकी चाळली. गार्देल, गार्देल, पियाझोला, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो. रोविरा नाही.

वाचनालयात या दिवशी ‘लोक्रो’ नावाचं दाट कालवण रांधतात आणि विकून छताच्या दुरुस्तीला पैसे जमवतात. मका, भोपळा, घेवडा, आणि चांगलं भरपूर मांस. बिनमांसाचं थोडं मिळेल का, असं भाचीने विचारल्यावर ढवळणाऱ्या बाईंनी पळी थांबवून माझ्याकडे बघितलं, आजारी माणसाकडे बघावं तसं. मग वरवरचा रस काढून दिला. त्यातून दोन तुकडे बाजूला काढून मी बाकीचा खाल्ला. आळंदीला हे सांगणार नाही.

कार्यक्रम सहाला. रोविराचा वाढदिवस ३० एप्रिलला होऊन गेलेला. पानं तयार नव्हती म्हणून शंभरी पंचवीस दिवस उशिरा. साठेक लोक, निम्मे लोक्रोसाठी थांबलेले. भिंतीवर चिकटपट्टीने पुग्लिएसे. सुरुवात ‘कार्रिएगो’ने, पुढच्या रांगेतली एक म्हातारी पहिल्याच ओळीला गुणगुणायला लागली आणि शेजारणीने कोपर मारलं. मग त्या १९६०च्या काळातल्या रचना. दोन-तीन माणसं उठून गेली. एक पोर रडलं. गिटारचा पेडल मध्येच खरखरला, पुग्लिएसे असून. पण बान्दोनेऑन आणि व्हायोलिन एकमेकांच्या मागे धावत होते, बास खालून ओढत होता, आणि मी विसरून गेलो होतो की याचे तुकडे मी परवा दिवसभर पाव वेगाने ऐकलेत. आजोबा रोज रात्री ज्या चेहऱ्याने वाजवतात तो चेहरा आज त्यांच्याकडे नव्हता.

शेवटची ती रचना. मी मांडीवर बोटांनी बार मोजत होतो. अठरा, एकोणीस, वीस... एकविसाव्याला बास ऐकूच आला नाही. पियानोचा डावा हात एकटाच खाली उतरला, आणि बाविसाव्याला बास परत.

टाळ्या संपल्यावर मी सरळ पोराकडे गेलो. त्याने स्टँडवरचा कागद माझ्यापुढे धरला. दोन्ही सूर खोडलेले, त्या जागी विरामाची खूण. "मला माहीत नाही, मग मी का लिहू?" भाचीने भाषांतर केलं. आजोबा व्हायोलिन पेटीत ठेवत होते. ते तसंच उघडं टाकून आले. रोविराने विराम लिहिलेला नाही, हे तरी आपल्याला माहीत आहे ना, त्यांचा आवाज चढला. बाई मध्ये पडली, गिटारवालीने तिचं पेडल बाजूला ठेवून बाजू घेतली, पियानोवाल्याने मोबाईलवर ते अर्धं सेकंद लावलं. सगळे बाहेर रस्त्यावर आलो तरी ते चालूच होतं, बस थांब्यापर्यंत, बासची भली मोठी पेटी फुटपाथवर आडवी. आमची बस आली. भाचीने कार्ड दोनदा टेकवलं, माझं आणि तिचं. मागच्या काचेतून बघितलं तर आजोबा थांब्याच्या खांबावर बोटांनी तो बार वाजवून दाखवत होते आणि पोरगा मान हलवत होता, नाही, नाही.